चीनमधील इंग्रजीचा धडा

चीनमध्ये विद्यापीठप्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा दरवर्षी ७ जूनला सुरू होते. तिला तेथे 'गाओकाओ' म्हणतात. ८ जूनच्या दुपारी ३ वाजता इंग्रजीचा पेपर असतो, आणि अनेक प्रांतांत त्या पेपराची पहिली वीसेक मिनिटे केवळ ऐकण्याची असतात. त्या वेळी परीक्षागृहाभोवतीच्या रस्त्यांवर मोटारींचे भोंगे वाजत नाहीत, जवळपासची बांधकामे थांबलेली असतात आणि फाटकाबाहेर उभे असलेले आईबापही दबक्या आवाजात बोलतात. आत वर्गातील ध्वनिक्षेपकातून एक स्त्री आणि एक पुरुष इंग्रजीत संभाषण करतात. प्रारंभी छापलेला नमुन्याचा प्रश्न एका सदऱ्याविषयी असतो. सदऱ्याची किंमत किती? उत्तर वर्षानुवर्षे एकच आहे : ९ पौंड १५ पेन्स. जगात महागाई कितीही वाढो, चीनच्या परीक्षेतील हा सदरा काही महाग झालेला नाही. तेथील पिढ्यानपिढ्यांचे विद्यार्थी त्याची थट्टा करीत मोठे झाले आहेत.

२०२४ साली या परीक्षेस १ कोटी ३४ लक्षांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली. इंग्रजीच्या १५० गुणांपैकी साधारणतः ३० गुण श्रवणाचे असतात आणि त्याहून मोठा वाटा वाचनाच्या आकलनाचा असतो. म्हणजे खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाचे पुढील आयुष्य काही अंशी या गोष्टीवर अवलंबून राहते, की एका परक्या भाषेतील सदऱ्याची किंमत त्याच्या कानाला नीट उमगली की नाही. ज्या देशाने एके काळी परकीयांस आपली भाषा शिकविणे हाच अपराध मानला, त्या देशात ही अवस्था कशी आली, ही कथा मोठी नवलाची आहे. तिचे काही धागे थेट गोव्यापर्यंत आणि मुंबईपर्यंत पोहोचतात.

चीनच्या दारी युरोपीय भाषा प्रथम आली ती इंग्रजी नव्हे, पोर्तुगीज होय. मकाव हे ठाणे १८४४ पर्यंत गोव्याच्या कारभाराखाली होते. मिकेले रुज्जेरी आणि मातेओ रिची हे दोघे येशूसंघीय पाद्री १५७८ साली गोव्यात उतरले. रिची तेथे शिकला, त्याने शिकविले, १५८० साली कोचीनला त्याची गुरुदीक्षा झाली आणि १५८२ साली तो मकावला पोहोचला. या दोघांनी मिळून पोर्तुगीज-चिनी शब्दकोशाचे हस्तलिखित तयार केले. चिनी शब्दांचे उच्चार रोमन लिपीत मांडण्याचा हा अगदी आरंभीचा उद्योग होय. परकी भाषा शिकण्याचा त्यांचा मार्ग मात्र नंतरच्या पुष्कळांहून निराळा होता : आधी आपण शिकावे, मग दुसऱ्यास शिकवावे.

इंग्रज आले ते व्यापारासाठी. कँटन बंदरात अठराव्या शतकात जी बाजारी बोली तयार झाली, तिला पुढे 'पिजिन' हे नाव पडले. व्यवहार या अर्थाच्या 'बिझिनेस' या शब्दाचाच तो चिनी जिभेवरचा अवतार मानतात. या बोलीत हिंदुस्थानातून गेलेले शब्द पाहून मराठी माणसास ओळखीचा माणूस परगावी भेटल्यासारखे वाटावे. सरकारी परवान्यास तेथे 'चॉप' म्हणत, तो आपला छाप. चिठ्ठीला 'चिट' म्हणत. नाणी पारखणारा तो 'श्रॉफ', म्हणजे आपला सराफ. चिनी अधिकाऱ्यास युरोपीय लोक 'मांदारिन' म्हणत, त्याच्या मुळाशी 'मंत्री' हा शब्द आहे. तो मलायी आणि पोर्तुगीज मुखांतून फिरत तेथे पोहोचला. देवमूर्तीला 'जॉस' म्हणत, तो पोर्तुगीजांचा देववाचक 'देऊस'. मुंबईचे पारशी व्यापारी याच बंदरात कापूस आणि अफू घेऊन जात. जमशेटजी जिजीभॉय यांनी तरुणपणी चीनच्या अनेक सफरी केल्या. त्या अफूने चीनचे काय केले हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही; परंतु इंग्रजी भाषा ज्या गलबतांतून तेथे उतरली त्याच गलबतांत अफूच्या पेट्याही होत्या, ही गोष्ट चिनी माणूस विसरला नाही.

कँटनच्या दुकानदारांसाठी त्या काळी लहान पुस्तिका छापल्या जात. 'तांबड्या केसांच्या परक्यांची भाषा' असे त्यांचे नाव. त्यांत एकही रोमन अक्षर नसे. इंग्रजी शब्दांचा उच्चार चिनी अक्षरांनीच दाखविलेला असे. चिनी अक्षर म्हणजे नुसता ध्वनी नव्हे, त्याला अर्थही असतो. त्यामुळे मोठी मौज होई. इंग्रजी 'थ्री' लिहिण्यासाठी जी अक्षरे योजली त्यांचा अर्थ 'भूगोल' आणि 'सेव्हन'साठी योजलेल्या अक्षराचा अर्थ 'हृदय'. भूगोल आणि हृदय पाठ करून कँटनचा दुकानदार तीन आणि सात मोजी. हसू आले तरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा माणूस कानाने शिकत होता. त्याला वाचनाची गरज नव्हती. समोरचा गिऱ्हाईक काय म्हणतो ते कळले म्हणजे झाले. पुढे चीनच्या शाळांनी जे इंग्रजी शिकविले ते नेमके याच्या उलट निघाले.

१८०७ साली रॉबर्ट मॉरिसन हा प्रॉटेस्टंट मिशनरी कँटनला आला, तेव्हा परकीयास चिनी भाषा शिकविणाऱ्या चिनी पंडिताला कडक शिक्षा होण्याची भीती होती. तरीही तो शिकला. ईस्ट इंडिया कंपनीच्या खर्चाने त्याचा प्रचंड कोश मकाव येथे १८१५ ते १८२३ या काळात छापून झाला. चिनी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीचे एक व्याकरणही त्याने १८२३ साली प्रसिद्ध केले. १८३९ साली अफूचा बंदोबस्त करण्यास कँटनला आलेला आयुक्त लिन त्सश्यू याने पदरी काही दुभाषे ठेवून इंग्रजी वर्तमानपत्रांचे भाषांतर करून घेतले. त्यांतील एक जण बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनमध्ये शिकलेला होता. शत्रूचे मन त्याच्या वर्तमानपत्रातून वाचावे, ही दृष्टी त्या काळच्या चिनी अधिकाऱ्यात विरळाच होती. लिनला पदावरून दूर करण्यात आले आणि युद्ध व्हावयाचे ते झालेच.

दुसऱ्या युद्धाच्या काळात १८५८ साली तिएन्त्सिनचा तह झाला. त्याच्या ५० व्या कलमात असे ठरले, की यापुढे इंग्रजांचे सरकारी खलिते इंग्रजीत येतील, तूर्त त्यांबरोबर चिनी भाषांतर दिले जाईल, आणि अर्थाविषयी मतभेद झाल्यास इंग्रजी पाठच प्रमाण मानावा लागेल. पुढच्याच कलमात इंग्रजांस 'रानटी' या अर्थाचे चिनी अक्षर लावू नये अशी अट होती. म्हणजे चीनच्या राजदरबारास इंग्रजी शिकणे भाग पडले ते विद्येच्या ओढीने नव्हे. पराभवाच्या कागदावर काय लिहिले आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावे म्हणून. १८६२ साली पेकिंगला 'टोंगवेन ग्वान' ही दुभाष्यांची शाळा निघाली. पहिल्या वर्गात १० मुले, सारी मांचू लष्करी घराण्यांतील. शिक्षक जॉन बर्डन हा इंग्रज मिशनरी. त्याने वर्गात धर्मोपदेश करू नये एवढी अट. पुढे विल्यम मार्टिन या अमेरिकन मिशनऱ्याने ही संस्था दीर्घकाळ चालविली. सनातनी पंडितांना या शाळेचा इतका तिटकारा होता, की १८६७ साली तेथे गणित व खगोलशास्त्र शिकविण्याचा बेत निघताच दरबारात मोठा वाद माजला. आणि तरीही १८९१ साली प्रत्यक्ष सम्राट ग्वांगश्यू इंग्रजीचे धडे घेऊ लागला. त्याला शिकविणारे दोघे गुरुजी याच शाळेतून तयार झालेले होते.

या काळातील एका मनुष्याची आठवण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. लिन शू नावाचा फूचौचा एक विद्वान होता. त्याला एकही परकी भाषा येत नव्हती. मित्राने इंग्रजी वा फ्रेंच पुस्तक हाती घेऊन त्याचा अर्थ चिनी बोलीत सांगावा आणि लिन शूने ऐकता ऐकता तो अभिजात चिनी गद्यात उतरवावा, अशी पद्धत. अशा रीतीने त्याने दीडशेहून अधिक पाश्चात्त्य ग्रंथ चिनी भाषेत आणले. डिकन्सच्या कादंबऱ्या त्यांत होत्या. श्रवणाच्या आकलनाची याहून मोठी परीक्षा कोणी दिली असेल असे वाटत नाही.

आता छपाईकडे वळावयाचे. १८९७ साली शांघायमध्ये श्या रुइफांग आणि त्याच्या सोयऱ्यांनी 'कमर्शियल प्रेस' हा छापखाना काढला. ही मंडळी प्रेस्बिटेरियन मिशनच्या शाळेत शिकलेली आणि छापखान्यांत खिळे जुळवून पोट भरणारी. त्यांना काहीतरी खपणारे पुस्तक हवे होते. १८९८ साली त्यांनी इंग्रजीचे एक प्राथमिक पुस्तक छापले. ते मुळात चिनी मुलांसाठी लिहिलेलेच नव्हते. इंग्रजांनी हिंदुस्थानातील शाळकरी मुलांसाठी जी इंग्रजी वाचनमाला तयार केली होती, तीच घेऊन श्ये होंगलाय या ख्रिस्ती शिक्षकाने तिला चिनी भाषांतर व टिपा जोडल्या. वर इंग्रजी, खाली चिनी. पुस्तक भराभर खपले, त्याचे पुढील भाग निघाले, आणि कमर्शियल प्रेस पुढे चीनमधील सर्वांत मोठी प्रकाशनसंस्था झाली.

या योगायोगाकडे आजवर आपल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. ज्या पाठांवर हिंदुस्थानातील मुलांनी इंग्रजी गिरविले, तेच पाठ शांघायच्या मुलांनीही गिरविले. एक देश इंग्रजांच्या ताब्यात, दुसरा नावापुरता स्वतंत्र. पण पुस्तक एकच. त्यातील ईश्वरभक्ती, आज्ञाधारकपणा आणि स्वच्छता यांचे धडे दोन्हीकडे सारख्याच आवाजात म्हटले गेले असतील. भेद पडला तो पुढे. आपल्याकडे न्यायालयापासून टपालकचेरीपर्यंत इंग्रजी कानावर पडे. चिनी मुलास वर्गाबाहेर ती कोठेच ऐकू येत नसे. तिच्या शब्दांखाली चिनी अर्थ छापलेला होता, तो डोळ्यांनी पाठ केला की धडा संपला. शिवाय शतकानुशतके राजसेवेच्या परीक्षांसाठी ग्रंथ मुखोद्गत करण्याची सवय त्या समाजास होतीच. १९०५ साली त्या परीक्षा बंद झाल्या, पण सवय राहिली. तीच सवय इंग्रजीच्या वाट्यास आली.

मिशनशाळांत चित्र थोडे निराळे होते. शांघायच्या सेंट जॉन्स कॉलेजात विद्यार्थी इंग्रजी ऐकत, बोलत, त्यात वाद घालीत. कॅथलिकांच्या बाजूस मा श्यांगबो याचे नाव घ्यावे लागते. १८४० साली जन्मलेला हा गृहस्थ झिकावे येथील येशूसंघाच्या शाळेत वाढला, आपली वडिलार्जित मिळकत देऊन त्याने १९०३ साली 'ऑरोरा' ही संस्था काढली. दोनच वर्षांत फ्रेंच पाद्रीमंडळाने फ्रेंच भाषेस झुकते माप देऊन इंग्रजी मागे सारण्याचा आणि संस्थेचा कारभार हाती घेण्याचा घाट घातला. विद्यार्थी उठून गेले, वृद्ध मा त्यांच्या पाठीशी उभा राहिला आणि १९०५ साली 'फूदान' ही नवी शाळा निघाली. ती आज चीनमधील अग्रगण्य विद्यापीठांपैकी एक आहे. धर्मगुरूंनी कोणती भाषा शिकवावी आणि शिष्यांना कोणती हवी, यांचा मेळ प्रत्येक वेळी बसतोच असे नाही.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत पाठ्यपुस्तके सुधारली. लिन युटांगने १९२८ पासून 'काइमिंग' या प्रकाशनासाठी इंग्रजी वाचनमाला लिहिली. फेंग त्सकायने तिला चित्रे काढली. उच्चाराकडे आणि बोलण्यातल्या भाषेकडे तिच्यात खरेखुरे लक्ष होते, आणि ती अतोनात लोकप्रिय झाली. १९३२ च्या जानेवारीत जपानी विमानांनी शांघायवर बॉम्ब टाकले, त्यांत कमर्शियल प्रेसचा छापखाना जळाला. पाठोपाठ १ फेब्रुवारीस त्याचे मोठे ग्रंथालयही भस्मसात झाले. पुढील सतरा वर्षे युद्धातच गेली.

१९४९ नंतर रशियन भाषेचे दिवस आले. सोव्हिएत तज्ज्ञ, सोव्हिएत यंत्रे आणि सोव्हिएत पुस्तके. इंग्रजी ही शत्रूची भाषा. १९५४ साली कनिष्ठ माध्यमिक शाळांतून परकी भाषाच काढून टाकण्यात आली. दोन-तीन वर्षांत तो निर्णय फिरविला गेला; पुढे मॉस्कोशी बिनसले आणि १९६४ च्या सरकारी योजनेत इंग्रजीस पहिल्या परकी भाषेचे स्थान मिळाले. जे इंग्रजीचे शिक्षक चाळिशीत रशियन शिकावयास बसले होते, ते पुन्हा इंग्रजीकडे परतले. दोनच वर्षांनी, १९६६ साली, सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि शाळाच बंद पडल्या. त्या पुन्हा उघडल्या तेव्हा इंग्रजीच्या पुस्तकात प्रामुख्याने माओच्या जयजयकाराच्या घोषणा उरल्या होत्या.

१९७३ च्या जुलै महिन्यात होनान प्रांतातील एका खेड्याच्या शाळेत इंग्रजीची परीक्षा झाली. पंधरा वर्षांच्या एका मुलीस उत्तरे येत नव्हती. तिने कागदाच्या पाठीवर काही ओळींचे यमक जुळविले : आपण चिनी, परकी भाषा कशाला शिकावी, ती न येताही क्रांतीचे कार्य करता येईल, अशा अर्थाचे. वर्गशिक्षकाने तिला फटकारले. मुख्याध्यापकाने सभेत तिच्यावर टीका केली आणि इतर वर्गांनाही ते प्रकरण समजावून देण्यात आले. मुलगी घरी परतली नाही. दोन दिवसांनी तिचा मृतदेह पाण्यात सापडला.

येथवर ही एका शाळेची शोककथा होती. खेड्यातील गरीब मुलगी, कधीही न ऐकलेल्या भाषेचा पेपर, आणि ओरडण्यापलीकडे दुसरे साधन हाती नसलेले शिक्षक. अशी शाळा कोणत्या देशात नसते? परंतु १९७४ च्या आरंभी माओची पत्नी च्यांग चिंग हिने हे प्रकरण हाती घेतले आणि जुन्या विद्येचा, परक्या विद्येचा हा सूड आहे असे देशभर जाहीर करविले. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांना तुरुंगात घातले. ठिकठिकाणच्या शाळांतून 'आणखी असे कोण आहेत' याचा शोध सुरू झाला आणि परीक्षा घेण्याची, चूक दाखविण्याची शिक्षकांना धास्ती पडली. १९७६ नंतर च्यांग चिंग सत्तेवरून गेली आणि त्या दोघा शिक्षकांवरील आरोप रद्द झाले. मुलीच्या मरणाचे राजकारण संपले. तिला इंग्रजी का येत नव्हते, हा प्रश्न मात्र तेव्हाही कोणी फारसा विचारला नाही.

१९७७ च्या हिवाळ्यात विद्यापीठप्रवेशाची परीक्षा पुन्हा सुरू झाली. सुमारे ५७ लक्ष उमेदवार बसले. जागा मिळाल्या त्या जेमतेम पावणेतीन लक्षांना. इंग्रजीचे गुण आरंभी सर्वांना धरले जात नव्हते, कारण दहा वर्षे जे शिकविलेच नाही त्याची परीक्षा कशी घ्यावी? म्हणून सरकारने पायरीपायरीने वाट काढली. १९८० साली इंग्रजीच्या गुणांपैकी शेकडा ३० धरले, १९८१ साली ५०, १९८२ साली ७० आणि १९८३ पासून पूर्ण १००. हा निर्णय शहाणपणाचा होता. शिक्षक आणि शाळा यांना उभे राहण्यास त्याने थोडा अवधी दिला.

दरम्यान लोक स्वतःच ऐकू लागले होते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात परदेशी नभोवाणी ऐकणे हा गुन्हा होता. 'शत्रूचे केंद्र चोरून ऐकणे' असे त्याचे नाव. १९७० च्या दशकाअखेर ती भीती सरली, तशी विद्यार्थ्यांची पावले रेडिओकडे वळली. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर १९५९ पासून सोप्या इंग्रजीचा एक कार्यक्रम चालत असे. शब्द सुमारे १५००, वाक्ये आखूड, आणि वाचनाचा वेग नेहमीच्या वृत्तनिवेदनापेक्षा बराच मंद. तो मुळी इंग्रजी नवखी असलेल्या साऱ्या जगासाठी होता. चीनमधील विद्यार्थ्यांनी त्याचे शाळेत रूपांतर केले. खरखरीत लघुलहरींवर पहाटे तो ऐकावयाचा, टेपवर उतरवून घ्यावयाचा, आणि वाक्य पुनःपुन्हा वाजवीत वहीत अक्षरशः लिहून काढावयाचे. एका शब्दासाठी फीत दहा-दहा वेळा मागे न्यावी लागे. राजकारण काहीही असो, नभोवाणीने शिक्षकाचे काम इतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच केले असेल.

१९८२ च्या जानेवारीत चिनी दूरचित्रवाणीने बीबीसीची 'फॉलो मी' ही पाठमाला दाखविण्यास प्रारंभ केला. कॅथी फ्लॉवर ही इंग्रज शिक्षिका आणि हू वेन्चोंग हे चिनी प्राध्यापक ती सादर करीत. दूरचित्रवाणी संच त्या काळी घरोघर नव्हते. शेजारपाजारचे लोक एका संचाभोवती जमत. धडे लंडनच्या दैनंदिन जीवनावरचे : रस्ता विचारणे, उपाहारगृहात खाणे मागविणे, स्वतःचा परिचय देणे. पण ज्या पिढीने इंग्रजीत केवळ घोषणा वाचल्या होत्या, तिने प्रथमच दोन सामान्य माणसे इंग्रजीत सामान्य गोष्टी बोलताना पाहिली. त्याच सुमारास लुई अलेक्झांडर याचे १९६७ साली निघालेले 'न्यू कन्सेप्ट इंग्लिश' विद्यार्थ्यांच्या हाती पडले. छोट्या, गमतीदार गोष्टी आणि शेवटी त्यावरचे प्रश्न असा त्याचा साचा चिनी शिक्षकांना फार मानवला.

परीक्षा तेव्हाही कागदाचीच होती. व्याकरणाचे चार पर्याय, शब्दांचे चार पर्याय, उताऱ्यावरचे चार पर्याय. १९८५ साली ग्वांगडोंग प्रांतात ग्वे शिचुन या भाषाशास्त्रज्ञाने शास्त्रशुद्ध पायावर नवी परीक्षा आखली. ती पुढे देशभर पसरली आणि तिच्यात सलग उताऱ्याच्या आकलनास मानाचे स्थान मिळाले. तथापि श्रवण बाहेरच राहिले. त्याचे कारण साधे होते. डोंगराळ भागातील शाळेत टेपरेकॉर्डर नाही, काही ठिकाणी विजेचा भरवसा नाही. तेथील मुलाचे गुण कोणत्या न्यायाने कापावे? या न्यायबुद्धीचा दुसरा परिणाम असा झाला, की जे परीक्षेत नाही ते वर्गातही नाही. सहा-सहा वर्षे इंग्रजी शिकलेले तरुण कठीण उतारा वाचून अचूक उत्तर देत, पण परदेशी पाहुण्याने वाट विचारली तर गप्प उभे राहत. चिनी भाषेत याला 'मुके इंग्रजी' असे नाव पडले. खरे पाहता ते मुके असण्याआधी बहिरे होते.

अखेर विसावे शतक संपता संपता श्रवणाचा विभाग प्रांताप्रांतांतून राष्ट्रीय परीक्षेत आला. आजच्या विद्यार्थ्याचा सराव कसा चालतो, हे पाहण्यासारखे आहे. श्रवणाचे एकंदर २० प्रश्न. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकू येतात. पुढचे लांब संवाद आणि शेवटचे एकपात्री निवेदन दोनदा. दोन ध्वनींच्या मधल्या काही सेकंदांत पुढचे प्रश्न आणि त्यांचे तीन-तीन पर्याय वाचून ठेवावयाचे, म्हणजे कानाने काय शोधावयाचे हे आधी ठरते. संवादात प्रायः दोन्ही-तिन्ही पर्यायांचे शब्द येतातच. मनुष्य आधी साडेनऊ म्हणतो, मग विचार बदलून दहा म्हणतो. जो पहिला आकडा ऐकून खूण करतो तो फसतो. म्हणून 'पण', 'खरे म्हणजे' या अर्थांचे इंग्रजी शब्द आले की कान टवकारावे, असे शिक्षक सांगतात. चिनी भाषेत क्रियापदाला काळाची रूपे नाहीत, नामाला अनेकवचनाचा प्रत्यय सहसा नाही, आणि शब्द बहुधा स्वरावर किंवा अनुनासिकावर संपतो. त्यामुळे इंग्रजी शब्दाच्या अंती घाईघाईने उच्चारलेले 'ट', 'ड', 'स' त्या कानांना निसटतात, आणि त्यांबरोबर भूतकाळही निसटतो. मराठी मुलाला 'गेला' आणि 'जातो' यांतील फरक मातृभाषेनेच शिकविलेला असतो. चिनी मुलाला तो नव्याने मिळवावा लागतो.

वाचनाचा सराव निराळ्या जातीचा. चार उतारे असतात : पहिला बहुधा जाहिरात वा माहितीपत्रक, मग एखादी व्यक्तिकथा, मग विज्ञान वा समाजविषयक लेख. त्याखेरीज एक उतारा पाच वाक्ये गाळून दिलेला असतो आणि खाली सात वाक्ये दिलेली असतात. त्यांतील पाच योग्य जागी बसवावयाची, दोन फसवी असतात. आधी प्रश्न वाचा मग उतारा, परिच्छेदाचे पहिले वाक्य जपा, अनोळखी शब्दाचा अर्थ आसपासच्या शब्दांवरून काढा, असे नियम प्रत्येक वर्गात ऐकू येतात. नियम उपयोगी आहेत यात शंका नाही. पण उतारा संपल्यावर त्यातील माणसाचे पुढे काय झाले, हे जाणण्याची इच्छा ज्या विद्यार्थ्यास होत नाही, त्याने उतारा वाचला की केवळ चाळला?

इंग्रजीचे ओझे फार झाले, ही ओरडही त्याबरोबरच वाढली. २०१३ साली बीजिंगने आपल्या परीक्षेत इंग्रजीचे गुण १५० वरून १०० वर आणण्याचा प्रस्ताव मांडला होता. तो अमलात आला नाही. २०२१ साली शांघायने प्राथमिक शाळांच्या सत्रान्त परीक्षांतून इंग्रजी काढली. चचियांग प्रांतात इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा देण्याची मुभा झाली. तेथेच २०१८ च्या नोव्हेंबरातील परीक्षेचा पेपर कठीण गेला म्हणून अधिकाऱ्यांनी काही प्रश्नांचे गुण परस्पर वाढवून दिले. ज्यांनी ते प्रश्न कष्टाने सोडविले होते त्यांचा लाभ त्यामुळे बुडाला, पालक संतापले, प्रांताच्या सरकारने चौकशी बसविली, वाढीव गुण रद्द करून मूळ गुण कायम केले आणि जबाबदार अधिकाऱ्यांस पदावरून दूर केले. गुणपत्रिकेवरील दोन-चार आकड्यांसाठी एवढे रामायण झाले, यावरून त्या आकड्यांचे तेथील मोल कळावे.

खेडे आणि शहर यांतील अंतर मात्र कानातच अधिक जाणवते. शहरातील मूल तिसऱ्या इयत्तेच्याही आधीपासून इंग्रजी गाणी ऐकते. डोंगरातील मूल शिक्षकाच्या तोंडून ऐकते, आणि शिक्षकाने ती आपल्या शिक्षकाच्या तोंडून ऐकलेली असते. आता खेड्यातही भ्रमणध्वनी पोहोचला आहे, त्यावर हवे ते ऐकता येते. पण वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना पुष्कळ शाळा तो जवळ बाळगू देत नाहीत. तेव्हा संध्याकाळच्या अभ्यासाच्या वेळी वर्गातील जुन्या ध्वनिक्षेपकातून रोज एक सरावपत्रिका वाजते. पन्नास मुले माना खाली घालून ऐकतात. निवेदक प्रथम सूचना सांगतो, त्या मुलांना तोंडपाठ असतात. मग सदरा येतो. त्याची किंमत कोणी ऐकत नाही. ती वेळ पुढचा प्रश्न वाचून घेण्याची असते.